कौल : दिलेला आणि पाळलेला

'कौल' हा शब्द आपण सहज वापरतो. मतदारांनी कौल दिला, असे आपण वाचतो. कोकणात देवाला कौल लावतात. घरावरचे कौल वेगळे, ते सोडून देऊ. पण हा कौल मूळचा अरबी शब्द आहे. त्याचा तिकडचा साधा अर्थ बोलणे, उच्चारलेला शब्द. मराठेशाहीच्या कागदपत्रांत त्याला नेमका अर्थ आला : सत्ता असणाऱ्याने दिलेले अभय. ओसाड गाव पुन्हा वसवायचे तर रयतेला कौल, पेठेत यायचे तर व्यापाऱ्याला कौल, आणि किल्ला खाली करून देणाऱ्या शत्रूलाही कौल.

ज्या अरबस्तानातून हा शब्द आला, तिथल्या वाळवंटात उंट-मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या बेदुइन टोळ्यांत दिलेल्या शब्दाचे एक संपूर्ण शास्त्रच होते. कोणी जिवाच्या भीतीने तंबूत शिरला आणि आसरा मागितला, की तो त्या घराचा आश्रित झाला. मग तो वैऱ्याच्या टोळीतला का असेना! पाहुण्याला तीन दिवस काही विचारायचे नाही, असा रिवाज. एखाद्याची हमी घ्यायची तर 'तो माझ्या चेहऱ्यात आहे' असे म्हणायचे. त्याला कोणी इजा केली, तर हमी देणाऱ्याचा 'चेहरा कापला' असे मानले जाई आणि त्याची जबर भरपाई द्यावी लागे. आपल्याकडे नाक कापले जाते, तोंड काळे होते. तिकडे चेहरा कापला जातो. माणसे सगळीकडे सारखीच!

हा केवळ भाबडा दिलदारपणा नव्हता. वाळवंटात चौकी नाही, कचेरी नाही. आज मी आसरा दिला, तर उद्या मला कोणी देईल, एवढाच आधार. मराठीत यासाठी फार चांगला शब्द आहे : पत. पत म्हणजे अब्रू आणि पत म्हणजे उधारीची लायकीही. शब्द मोडणाऱ्याची दोन्ही जातात.

आता आमच्या वसईकडे येतो. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षे इथे त्यांचे राज्य होते. त्या राज्यात हिंदूंच्या देवळांवर आणि सणसमारंभांवर बंधने आली, आणि त्याचा सल मनामनांत होता. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी इथलीच माणसे पेशव्यांकडे दाद मागायला गेली होती. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले आणि पुढे मोहीम वसईवर आली. चिमाजी अप्पांनी १७३९च्या फेब्रुवारीपासून किल्ल्याला निर्णायक वेढा घातला. त्याआधी जानेवारीत तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकरांसारखा सरदार पडला होता. वसईच्या तटाखाली सुरुंग उडत होते, खिंडारात माणसे मरत होती, आणि मराठ्यांची हजारो माणसे कामास आली. चिमाजी अप्पांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रात या झुंजीचे भयंकर वर्णन आहे.

अखेर मे महिन्याच्या मध्याला सेबस्तियान बुरुजाला भगदाड पडले आणि किल्लेदार कैतान द सौझा परेरा याने पांढरे निशाण दाखवले. आता विचार करा. दोनशे वर्षांचा सल, दोन वर्षांची मोहीम, डोळ्यांदेखत पडलेले सगेसोयरे आणि समोर फुटलेला तट. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नादिरशहाने दिल्लीत कत्तल केली होती. वसईत काय व्हायला हवे होते, याचा तो ताजा नमुना होता.

वसईत झाले ते वेगळे. १६ मे १७३९ रोजी कलमे ठरली. शिबंदीने आठ दिवसांत किल्ला सोडावा. जाताना शस्त्रे बाळगावीत, नगारे वाजवावेत, निशाणे फडकवावीत. ज्या रहिवाशांना जायचे असेल, त्यांनी आपली चीजवस्त घेऊन जावे. जे राहतील त्यांना धर्म पाळण्याची मुभा. त्यांच्यासाठी तीन चर्च राखून ठेवायची. २३ मे रोजी पोर्तुगीज बाहेर पडले आणि मराठ्यांचे निशाण चढले.

पराभूताला वाजतगाजत का जाऊ द्यायचे? युरोपातल्या युद्धरीतीत शौर्याने लढून शरण आलेल्या शिबंदीला असा मान देत. मराठ्यांकडे कौलाची रीत होती. भाषा, धर्म, पोशाख सगळे भिन्न. पण दोघांनाही एकमेकांची अब्रूची भाषा कळली. यात व्यवहारही होता. पावसाळा तोंडावर आला होता, उत्तरेत नादिरशहाचे संकट होते, आणि आणखी आठ दिवस झुंजणे दोघांनाही महाग पडले असते. शिवाय आज दिलेला कौल पाळला, तरच उद्या दुसरा किल्लेदार दार उघडतो. बेदुइनाचा हिशोब तो हाच.

कौलाला हद्दही असते. वसईतून निघालेली शिबंदी मुंबईत इंग्रजांकडे पावसाळाभर राहिली. वेढा चालू असताना मुंबईकर इंग्रजांनी याच पोर्तुगीजांना पंधरा हजार रुपये दिले होते, तेही चर्चची चांदी आणि तोफा तारण ठेवून! पावसाळा संपल्यावर ती माणसे चौलहून गोव्याकडे निघाली, तर वाटेत वाडीच्या सावंतांच्या फौजेने त्यांना गाठले आणि त्यांची बरीच माणसे पडली. सावंतांनी त्यांना कौल दिला नव्हता. वाळवंटातही एका टोळीची हमी दुसऱ्या टोळीच्या मुलखात चालत नसे. तिथे नवा सोबती शोधावा लागे.

आणि कौल नसेल तर काय होते, ते ठाण्याने पाहिले. १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला, तेव्हा आतल्या मराठा शिबंदीतले बहुतेक लोक कापले गेले. ठाणे आणि वसई यांत अंतर ते किती! पण एकीकडे शब्द होता, दुसरीकडे नव्हता.

मी हे सांगतो ते सगळेच गोड होते म्हणून नव्हे. वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून गेल्या. अशी एक घंटा आजही भीमाशंकरला आहे. किल्ल्यातली बहुतेक चर्च ओस पडून ढासळली. अब्रूच्या रीतीलाही दुसरी बाजू आहे. बेदुइनांत मानासाठी दोन शब्द आहेत. 'शरफ' हा माणसाच्या करणीने वाढतो-घटतो. 'इर्द' हा घरच्या स्त्रियांच्या वागण्याला बांधलेला. पहिल्याने परक्याला आसरा मिळाला, दुसऱ्याने घरच्याच लेकीबाळींचे जीव गेले. आपल्याकडेही अब्रूच्या नावाखाली जातपंचायतींनी माणसांना वाळीत टाकले. त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्कारबंदीचा कायदा करावा लागला. तेव्हा जुनी रीत म्हणून सरसकट माथ्यावर घ्यायची नाही. जी रीत दुबळ्याला आडोसा देते ती अब्रू. जी दुबळ्यालाच चिरडते, तिला दुसरे नाव शोधावे.

वसईच्या कौलाची परीक्षा मात्र नगारे थांबल्यावर सुरू झाली. जायचे ते गेले. मागे राहिले ते इथलेच शेतकरी, कोळी, बागायतदार. ख्रिस्ती झालेले, पण बोली, दागिने, लग्नातली गाणी इथलीच असलेले. त्यांच्याकडे ना तोफा होत्या, ना तट. होता तो एका कलमाचा आधार. आज वसईच्या वाड्यांतून फिरताना सामवेदी बोली कानावर पडते, रविवारी मराठीत प्रार्थना होते. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांतही झाला. इथले ख्रिस्ती मराठी माणूस म्हणून इथेच नांदत राहिले.

जिंकलेल्या लढाईची आठवण आपण उत्साहाने काढतो, आणि काढावीच. माझे म्हणणे इतकेच, की त्या मे महिन्यात वसईत दोन गोष्टी मिळवल्या गेल्या. एक किल्ला, आणि दुसरी पत. किल्ला पुढे १७८० साली इंग्रजांनी घेतला, तहाने परत आला, शेवटी गेलाच. पत मात्र ज्याच्या हाती जोर असतो, त्याला दर पिढीला नव्याने मिळवावी लागते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)