टेरीचे विसरलेले तास

मध्यरात्र, १२.००
लॉस एंजेलिसमधले एक घर. जॅक बावर लेकीशी, किमशी, बुद्धिबळ खेळतो आणि मग बायकोशी बोलायला जातो. जॅक आणि टेरी काही महिने वेगळे राहून नुकतेच पुन्हा एकत्र आले आहेत. बोलणे आटोपून किमच्या खोलीत डोकावतात, तर खिडकी उघडी आणि मुलगी पसार. पडद्यावर घड्याळाचे आकडे पळू लागतात.

६ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर सुरू झालेल्या ‘२४’ या मालिकेचे पहिले पर्व म्हणजे हा एकच दिवस. एका भागात एक तास. जाहिराती चालू असतानाही आतले घड्याळ थांबत नाही. माणसे आपल्या नजरेआड गाडी चालवत असतात, रक्त पुसत असतात. दिवस कॅलिफोर्नियातल्या अध्यक्षीय प्राथमिक निवडणुकीचा. सिनेटर डेव्हिड पामर यांना मारण्याचा कट आहे आणि दहशतवादविरोधी पथकातल्या जॅकने तो उधळायचा आहे. मालिकेबद्दल बोलणारे सगळे जॅकबद्दलच बोलतात. मला मात्र हा दिवस टेरीच्या बाजूने मांडायचा आहे.

पहाटेपर्यंत
किमबरोबर गेलेल्या मैत्रिणीचे वडील म्हणून एक माणूस टेरीबरोबर रात्रभर दोघींना शोधतो. तो वडील नसतोच. हे तिच्या ध्यानात येते तोवर उशीर झालेला असतो.

सकाळ
कटवाल्यांनी पळवून नेलेल्या मायलेकी एका ओसाड जागी कोंडलेल्या. पहारेकऱ्यांपैकी एक जण किमला न्यायला येतो. टेरी मध्ये उभी राहते आणि तिच्याऐवजी स्वतः जाते. परत येते ती त्या माणसाचा चोरलेला मोबाइल घेऊन. मुलीला काही सांगत नाही. फोन लावायचा असतो, नवऱ्याला ठिकाण कळवायचे असते. लेस्ली होप या अभिनेत्रीने हा प्रसंग जवळजवळ चेहरा न हलवता केला आहे, आणि तो पाहताना माझा जीव दर वेळी कासावीस होतो. बलात्कार झालेल्या बाईला या कथेत रडायला पाच मिनिटे नाहीत. घड्याळ पुढच्या तासात गेलेसुद्धा.

दुपार, १२ नंतर
जॅकने दोघींना सोडवले आहे. तपासणी होते, मग पथकाच्या सुरक्षित घरात रवानगी. तिथे टेरीला लागोपाठ दोन गोष्टी कळतात. एक, तिला दिवस गेले आहेत. दुसरी, दुरावलेल्या काळात जॅकचे ज्या बाईशी संबंध होते ती नीना मायर्स, आणि आत्ता समोर बसून आपली जबानी घेणारी सहकारीही तीच. दोन्ही गोष्टी टेरी मुकाट गिळते.

दुपार, २ नंतर
सुरक्षित घरावर हल्ला होतो. टेरी किमला गाडीत घालून डोंगरातल्या रस्त्याने पळते. मागावर कोणी आहे का हे पाहायला गाडी कडेला लावून उतरते. परत येते तर गाडी नाही. कड्यावरून घसरून ती खाली गेलेली आहे, आणि टेरीच्या डोळ्यांदेखत तिचा स्फोट होतो.

किम वाचली आहे. प्रेक्षकांना ते कळते, आईला कळत नाही. टेरी कोसळते, आणि शुद्धीवर येते तेव्हा तिला स्वतःचे नावसुद्धा आठवत नाही.

दुपार, ३ ते ५
समीक्षकांनी सर्वांत जास्त झोडपले ते याच तासांना. तक्रार अशी, की डेली सोपमधला स्मृतिभ्रंश इथे कशाला? वाहिनीने आधी तेराच भाग मागवले होते, ते संपल्यावर लेखकांना उरलेला दिवस भरायचा होता, हेही खरे. तरी मला ही तक्रार पटत नाही.

कारण मेंदूला इजा न होताही असे होते. असह्य आघातानंतर माणूस आपले नाव, घर, नाती हरवतो. पण बोलणे, चालणे, व्यवहार शाबूत राहतात. कधी हे काही तासांतच ओसरते. वैद्यकाच्या इतिहासातला प्रसिद्ध रुग्ण हेन्री मोलेसन याच्या नेमके उलट. १९५३ मध्ये फिट्स थांबवण्यासाठी त्याच्या मेंदूचा काही भाग काढला, त्यानंतर नवे काही मनात टिकेना. पण आपण कोण, लहानपणी कुठे होतो, हे त्याला २००८ मध्ये मरेपर्यंत माहीत होते. टेरीला आत्ताचे सगळे दिसते आहे, फक्त ‘मी’ नाही. आणि तो ‘मी’ सांभाळून ठेवावा असे गेल्या चौदा तासांत काय घडले होते? घड्याळाने तिला दुःख करायला सवड दिली नाही. ती तिच्या मनानेच काढून घेतली, असे मला वाटते.

रस्त्यात एक अनोळखी बाई तिला गाडीत घेते. एक हॉटेल ओळखीचे वाटते म्हणून टेरी तिथे थांबते. दुराव्याच्या काळात जो डॉक्टर तिचा मित्र झाला होता, तो तिथे भेटतो आणि तिला ‘घरी’ नेतो. बिचारा भल्यासाठीच नेतो. तिला मारायला निघालेला माणूस तिथेच येणार हे दोघांनाही ठाऊक नाही. आपल्याला कोणाची भीती वाटायला हवी, हेच ती विसरली आहे.

कलर्सवर ऑक्टोबर २०१३ मध्ये या मालिकेचा हिंदी अवतार आला. रमेश आणि सीमा देव यांचे चिरंजीव अभिनय देव दिग्दर्शक, अनिल कपूर नायक, त्याच्या पत्नीच्या भूमिकेत टिस्का चोप्रा. मुंबईत घडणारा तो दिवस पाहूनच मी पुन्हा मूळ मालिकेकडे, टेरीकडे वळले.

संध्याकाळ
मारेकरी घरात शिरतो. गोळ्या चालतात. जॅकचा सहकारी टोनी वेळेवर पोचतो आणि टेरी वाचते. त्या झटापटीत सगळे आठवते. म्हणजे कडाही आठवतो, पेटलेली गाडीही. आता ती पथकाच्या कार्यालयात जाते. दारावर पहारा, सगळीकडे ओळखीची माणसे. शहरात तिच्यासाठी याहून सुरक्षित जागा नाही, असे तिलाही वाटते आणि आपल्यालाही.

रात्र, ११ नंतर
कार्यालयातला फितूर म्हणजे नीना. पळून जाण्यापूर्वी ती आतल्या खोलीत फोनवर बोलत असते. जॅकची खबर विचारायला टेरी तिला शोधत तिथे येते. दुपारी रस्त्यावरच्या टेरीला हा चेहरा परका वाटला असता. आता ओळख पूर्ण परतली आहे: ही नीना, नवऱ्याची सहकारी, मला क्लिनिकमध्ये सोबत करणारी. ती आत पाऊल टाकते.

या शेवटाची दुसरी आवृत्तीही चित्रित झाली होती, टेरी जिवंत राहते अशी. २१ मे २००२ रोजी दाखवली ती ही.

रात्र, ११.५९
जॅक खोलीपाशी येतो. टेरी खुर्चीला बांधलेली, मान खाली. तो दोर सोडवतो, तिला कुशीत घेतो, माफी मागत राहतो. पडद्यावर आकडे येतात. दिवसभर प्रत्येक सेकंदाला ठोका देणारे घड्याळ पहिल्यांदाच आवाज न करता बारावर जाते.