कंदिलाची काच

आमच्या घरी कंदील पुसायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझा हात लहान होता. मोठ्या माणसाचा पंजा काचेत शिरत नाही. तासगाव तालुक्यातलं खेडं, वय वर्षं नऊ. दिवेलागणीच्या आधी मी ओसरीवर काच, फडकं आणि राखेची करवंटी घेऊन बसायची.

राख गोवरीची आणि तीही फडक्यातून गाळलेली. चाळली नाही तर खडा राहतो, काचेवर ओरखडा उठतो आणि काच पुढं तिथंच तडकते. आधी कोरडी राख, मग जुन्या वर्तमानपत्राचा बोळा. पाणी अजिबात नाही. "काच तापायची हाय, वल्ला हात लावू नगंस," हे आजीचं रोजचं. वातीची काजळी चिंधीनं पुसायची, कात्री क्वचितच लावायची आणि लावलीच तर दोन्ही कोपरे किंचित उतरवायचे. कोपरे तसेच राहिले की ज्योतीला दोन शिंगं फुटतात, काच एका बाजूनं काळी होते. नवी काच आणली की आजी ती गार पाण्यात बुडवून पातेलं चुलीवर ठेवायची, पाणी उकळलं की उतरवायची, आणि काच त्याच पाण्यात रात्रभर निवू द्यायची.

कंदील होता 'प्रभाकर'. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा. ओगले बंधूंनी तिथं 1916 साली काचेचा कारखाना काढला. वडिलांचं नाव प्रभाकर, तेच कंदिलाला दिलं. सूर्याचं नाव दिव्याला, यापेक्षा चांगलं नाव मला तरी सुचत नाही. त्याआधी चांगला कंदील म्हणजे जर्मनी-अमेरिकेचा. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना नांगराच्या कारखान्यासाठी कुंडलच्या माळावर जागा दिली होती. ओगल्यांच्या पाठीशीही तेच उभे राहिले. एवढ्याशा संस्थानानं सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर आणि घराला दिवा मिळवून दिला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. या कारखान्यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण कारखान्यातून निघालेली काच घरात वर्षानुवर्षं टिकवली ती बायकांनी आणि पोरींनी, आणि त्यांची ही विद्या कुणी लिहून ठेवली नाही. म्हणून मी लिहिते आहे.

कंदिलाच्या टाकीला बारीक भोक पडलं की ती झाळून आणायला बाजाराच्या दिवसापर्यंत थांबावं लागे. तोवर आजी टाकी रिकामी करून पुसून कोरडी करायची आणि भोकावर धुण्याच्या साबणाचा तुकडा अंगठ्यानं घट्ट चोळून बसवायची. साबण पाण्यात विरघळतो, रॉकेलमध्ये नाही. आठ-आठ दिवस थेंब गळत नसे.

11 डिसेंबर 1967. कोयनेचा भूकंप. पहाट व्हायची होती. भांडी खणखणली, कौलं सरकली, आणि मला जाग आली तेव्हा बारीक केलेला कंदील खुंटीवर भिंतीला आपटत होता. आम्ही पोरं रडत दाराकडं धावलो. आजी कंदिलाकडं धावली. वात खाली करून फुंकर मारली, आणि मग अंधारात एकेकाला हाताला धरून अंगणात काढलं. वर माळ्यावर गवत भरलेलं होतं, रॉकेल सांडलं असतं तर काय झालं असतं हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

सकाळी पाहिलं तर काचेला खालच्या अंगाला बोटभर तडा. कोयनेच्या विजेच्या तारा जवळून गेल्या होत्या, आमच्या घरात दिवा अजून यायचा होता. आजीनं कणकेची खळ केली, पाटीच्या दप्तरातल्या जुन्या वहीचा कागद फाडून तड्यावर पट्टी चिकटवली आणि काच उन्हात ठेवली. पुढं कितीतरी दिवस रात्री अभ्यासाला बसलं की त्या पट्टीची सावली भिंतीवर उभी असायची. कागद उष्णतेनं हळूहळू तांबूस होत गेला, पण सुटला नाही.