मॅटप्लॉटलिबमधील देवनागरी मजकूर

मॅटप्लॉटलिबमधील देवनागरी मजकूर हा विषय पायथन या आज्ञावली-भाषेत काढलेल्या शास्त्रीय आलेखांवर मराठी, हिंदी, नेपाळी इत्यादी देवनागरी भाषांतील शीर्षके, अक्षनामे व सूची छापताना उद्भवणाऱ्या दोषांशी आणि त्यांच्या निवारणाशी संबंधित आहे. हे दोष प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात : अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी उमटणे आणि जोडाक्षरे व वेलांट्या विस्कटणे. वरवर पाहता दोन्ही एकाच जातीचे वाटले तरी त्यांची कारणे वेगळी आहेत. त्यामुळे एकावरचा उपाय दुसऱ्यावर लागू पडत नाही.

पार्श्वभूमी

मॅटप्लॉटलिब ही पायथनमधील मुक्तस्रोत आलेखन-लायब्ररी आहे. अमेरिकन मज्जाजीवशास्त्रज्ञ जॉन हंटर यांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्-नोंदी पडद्यावर पाहता याव्यात या गरजेतून तिची सुरुवात केली. तिची पहिली आवृत्ती २००३ साली प्रसिद्ध झाली. हंटर यांचे २८ ऑगस्ट २०१२ रोजी निधन झाले. त्यानंतर स्वयंसेवी विकासकांच्या गटाने हे काम पुढे चालविले. मॅटलॅब या व्यापारी प्रणालीतील आलेखन-आज्ञांशी साधर्म्य ठेवल्यामुळे तिला हे नाव मिळाले.

या लायब्ररीबरोबर डेजाव्हू सान्स हा फॉन्ट येतो आणि २.० या आवृत्तीपासून तोच मूळ फॉन्ट म्हणून योजला जातो. त्यात रोमन, ग्रीक, सिरिलिक लिप्यांची व गणिती चिन्हांची सोय आहे, देवनागरीची नाही. युनिकोडमध्ये मूळ देवनागरी लिपीसाठी २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक राखून ठेवले आहेत. या क्रमांकांसाठी डेजाव्हू सान्समध्ये आकार नसल्याने मराठी शीर्षक लिहिलेला पहिलाच आलेख बहुधा चौकटींनी भरलेला निघतो.

दोषांचे स्वरूप

पहिला प्रकार : चौकटी. या वेळी पायथन एक इशारा छापते. ‘ख’ या अक्षराचा युनिकोड क्रमांक २३२६ असल्याने ‘खुलताबाद’ हे शीर्षक दिल्यास ‘ग्लिफ २३२६ सध्याच्या फॉन्टमध्ये नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य येते व पुढील प्रत्येक निराळ्या अक्षरासाठी त्याची पुनरावृत्ती होते. हा दोष उघड असतो. तो नजरेतून सुटत नाही.

दुसरा प्रकार : विस्कटलेली अक्षरे. योग्य फॉन्ट दिल्यावर चौकटी जातात, इशारे थांबतात आणि काम झाले असे वाटते. परंतु ‘पर्जन्यमान’ या शब्दातील रफार ‘ज’च्या डोक्यावर न जाता पाय मोडलेला ‘र’ तसाच दिसतो, ‘न्य’ हे जोडाक्षर होत नाही आणि ‘दिनांक’मधील वेलांटी ‘द’ला न लागता पुढच्या ‘न’ला लागल्यासारखी दिसते. या दोषाबद्दल संगणक कोणताही इशारा देत नाही. म्हणून तो अधिक धोक्याचा आहे.

कारणे

युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठविली जातात, दिसण्याच्या क्रमाने नव्हे. ‘दि’ लिहिताना आधी ‘द’ व नंतर ऱ्हस्व वेलांटी (क्रमांक २३६७) साठते. छापताना मात्र ती ‘द’च्या आधी उभी राहायला हवी. जोडाक्षरात दोन व्यंजनांमध्ये हलन्त चिन्ह (क्रमांक २३८१) असते. छापताना ते लोपून दोन्ही व्यंजनांचा एक आकार व्हायला हवा. हा आकार फॉन्टच्या फाइलमध्ये असतो, पण तो केव्हा व कोठे योजायचा हे ठरविणारी स्वतंत्र प्रक्रिया लागते. तिला अक्षर-आकारणी म्हणता येईल. हार्फबझ ही मुक्तस्रोत लायब्ररी हे काम करते. फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस आणि अँड्रॉइड यांत तीच वापरली जाते. त्यामुळे तेथे मराठी नीट दिसते.

मॅटप्लॉटलिब मात्र अक्षरांचे आकार काढण्यासाठी फ्रीटाइप या लायब्ररीवर अवलंबून आहे. फ्रीटाइप एका क्रमांकाचा एक आकार काढून देते. शेजारच्या अक्षरांचा विचार करीत नाही. मॅटप्लॉटलिबच्या ३.१० या आवृत्तीपर्यंत नेहमीच्या चित्र-निर्मितीत आकारणीचा टप्पा नाही. अक्षरे साठविलेल्या क्रमानेच एकापुढे एक मांडली जातात. रोमन लिपीत यामुळे फारसे बिघडत नाही. देवनागरीत शब्दच मोडतो.

चाचणीसाठी शब्दांची निवड

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील नऊ तालुक्यांची नावे या दोषाचे चांगले उदाहरण ठरतात. खुलताबाद, पैठण, गंगापूर, वैजापूर व सोयगाव या पाच नावांत जोडाक्षर नाही व ऱ्हस्व वेलांटीही नाही. काना, मात्रा, उकार, दीर्घ वेलांटी व अनुस्वार ही चिन्हे साठविलेल्या क्रमानेच व्यंजनानंतर किंवा त्याच्या वर-खाली बसत असल्याने आकारणी नसतानाही ही नावे जवळजवळ बिनचूक दिसतात. उरलेल्या चार नावांची गोष्ट निराळी आहे. ‘छत्रपती’मधील ‘त्र’, ‘कन्नड’मधील ‘न्न’, ‘फुलंब्री’मधील ‘ब्री’ मोडतात. ‘सिल्लोड’मध्ये वेलांटी सरकते आणि ‘ल्ल’ही मोडतो.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. ‘खुलताबाद’ हे नाव नीट छापले गेले म्हणजे व्यवस्था बरोबर आहे असे मानता येत नाही. ‘सिल्लोड’ नीट छापले गेले तरच मानता येते. खुलताबाद तालुक्यातीलच स्थळनामे घेतली तर ‘म्हैसमाळ’ व ‘घृष्णेश्वर’ ही नावे चाचणीस उपयोगी पडतात. ‘वेरूळ’ हे नाव आणखी सूक्ष्म कसोटी पाहते. ‘र’ला लागणारा उकार इतर व्यंजनांप्रमाणे पायाशी न लागता कमरेशी लागतो. आकारणी नसल्यास तो ‘र’च्या खाली लोंबतो. शब्द वाचता येतो, पण मराठी डोळ्याला खटकतो.

निदानाचा क्रम

दोष शोधताना पुढील क्रम पाळल्यास वेळ वाचतो.

१. चौकटी दिसतात काय हे पाहावे. दिसत असल्यास प्रश्न फॉन्टचा आहे.
२. चौकटी नसून अक्षरे विस्कटली असल्यास प्रश्न आकारणीचा आहे. फॉन्ट बदलत राहण्याने काही साधत नाही.
३. चौकटीही नाहीत व विस्कटलेपणाही नाही, पण निरर्थक रोमन अक्षरे दिसतात, तेव्हा प्रश्न मूळ माहितीच्या संकेतनाचा आहे.
४. तोच शब्द एखाद्या साध्या मजकूर-संपादकात उघडून पाहावा. तेथेही तो बिघडलेला असेल तर आलेखन-लायब्ररीचा दोष नाही.

फॉन्टविषयक उपाय

नोटो सान्स देवनागरी, लोहित देवनागरी, मुक्त हे विनामूल्य फॉन्ट किंवा विंडोजमधील मंगल व निर्मला यूआय हे फॉन्ट वापरता येतात. ३.६ या आवृत्तीपासून फॉन्टची यादी देण्याची सोय आहे. पहिल्या फॉन्टमध्ये अक्षर नसल्यास लायब्ररी पुढच्या फॉन्टकडे वळते. यादीत देवनागरी फॉन्टनंतर डेजाव्हू सान्स ठेवणे इष्ट असते. कारण अक्षांवरील ऋण संख्यांसाठी लागणारे वजाचे चिन्ह (क्रमांक ८७२२) काही देवनागरी फॉन्टमध्ये नसते आणि मग मजकूर नीट दिसूनही ऋण संख्यांपुढे चौकट येते. जुन्या आवृत्तीत ‘युनिकोड मायनस’ ही मांडणी बंद करून साधे संयोगचिन्ह वापरता येते.

नवा फॉन्ट संगणकावर बसवूनही ‘सापडला नाही’ असा इशारा येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे मॅटप्लॉटलिबने पूर्वी करून ठेवलेली फॉन्टची यादी. ही साठवलेली यादी पुसून पायथन पुन्हा सुरू करावे किंवा फॉन्ट-व्यवस्थापकाच्या ‘ॲडफॉन्ट’ या आज्ञेने फॉन्टच्या फाइलचा पत्ता थेट द्यावा. दुसरा मार्ग अधिक भरवशाचा आहे. घरच्या संगणकावर नीट चाललेला कार्यक्रम प्रयोगशाळेच्या किंवा दूरस्थ संगणकावर चौकटी दाखवतो, तो बहुधा तेथे फॉन्ट नसल्यामुळे. फॉन्टची फाइल कार्यक्रमाबरोबरच ठेवल्यास हा प्रश्न उद्भवत नाही. एकाच फाइलमध्ये सर्व जाड्या सामावणारे परिवर्ती फॉन्ट टाळून प्रत्येक जाडीची स्वतंत्र फाइल वापरावी.

आकारणीविषयक उपाय

आकारणीचे काम मॅटप्लॉटलिबबाहेरील साधनाकडे सोपविणे हा सर्व उपायांमागील समान विचार आहे.

एसव्हीजी मार्ग : आलेख एसव्हीजी स्वरूपात जतन करताना अक्षरांच्या रेषा न काढता मजकूर मजकूर म्हणूनच ठेवण्याची मांडणी (‘एसव्हीजी फॉन्टटाइप’ – ‘नन’) करता येते. मग फाइल उघडणारा ब्राउझर किंवा इंकस्केपसारखे साधन स्वतः आकारणी करते. ज्या संगणकावर फाइल उघडायची तेथे फॉन्ट असणे मात्र आवश्यक असते.

लाटेक मार्ग : पीजीएफ या बॅकएंडद्वारे मजकुराची जुळणी झीलाटेककडे देता येते. छापील प्रबंधासाठी हा मार्ग चांगला आहे. संगणकावर लाटेक बसवलेले असावे लागते.

कैरो मार्ग : एमपीएलकैरो हे स्वतंत्र बॅकएंड राक्म या लायब्ररीच्या साहाय्याने आकारणी करते. राक्म स्वतः हार्फबझवर आधारलेली आहे. मूळ आलेखाच्या आज्ञा न बदलता हा मार्ग अवलंबिता येतो.

पर्यायी साधने : प्लॉटली, बोके व अल्टेर या पायथन लायब्रऱ्या आलेख ब्राउझरमध्ये काढतात, त्यामुळे देवनागरी आपोआप नीट दिसते. नूप्लॉट या जुन्या साधनात कैरोवर आधारित निर्गम निवडल्यास पँगो ही लायब्ररी आकारणी करते. आर या भाषेत जीजीप्लॉट२ बरोबर रॅग हे चित्र-निर्मितीचे साधन वापरल्यास तोच लाभ होतो.

पाय मोडलेली अक्षरे टाळण्यासाठी शब्दांतील चिन्हांचा क्रम हाताने उलटापालटा करण्याची युक्ती काही जण योजतात. चित्रात वेलांटी जागेवर आलेली दिसते, परंतु मूळ मजकूर कायमचा बिघडतो. त्यात शोध घेता येत नाही आणि आकारणी करणाऱ्या साधनात तो पुन्हा विस्कटतो. ही युक्ती टाळणे श्रेयस्कर होय.

माहितीतील दोष

आलेखातील प्रत्येक चूक चित्र काढणाऱ्या लायब्ररीची नसते. मराठी माहितीच्या बाबतीत पुढील दोष वारंवार आढळतात.

एकाच स्थळाचे दोन स्तंभ : ‘खुलताबाद’ व ‘खुलदाबाद’ ही दोन्ही लेखने प्रचलित आहेत. निरनिराळ्या वर्षांच्या तक्त्यांत ती मिसळली असल्यास संगणक त्यांना दोन तालुके समजतो. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलल्याने ‘औरंगाबाद’ व ‘छत्रपती संभाजीनगर’ यांबाबतही हेच घडते आणि वर्षानुवर्षांची रेषा मध्येच तुटते. नावांचा एक तक्ता करून ती आधी एकरूप करणे हाच उपाय आहे.

दिसायला सारखी, साठवणीत वेगळी अक्षरे : ‘ॲ’ हे अक्षर एकाच क्रमांकाने (२४१८) किंवा ‘अ’ व चंद्र (२३०९ व २३७३) अशा दोन क्रमांकांनी लिहिलेले असू शकते. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ही दोन रूपे एक होत नाहीत. ती स्वतंत्रपणे बदलावी लागतात. ‘ऱ’ची एकसंध व नुक्तायुक्त रूपे मात्र प्रमाणीकरणाने एक होतात.

अंक : पायथनची ‘इंट’ व ‘फ्लोट’ ही फले देवनागरी अंक वाचू शकतात. परंतु पांडाज लायब्ररीने तक्ता वाचताना देवनागरी अंकांचा स्तंभ मजकूर म्हणूनच येतो. मजकूर असलेला स्तंभ आलेखात दिल्यास अक्षावर मूल्ये लहान-मोठेपणाने न लागता आढळलेल्या क्रमाने लागतात. हजार व लाखाचे स्वल्पविराम असलेल्या संख्यांचेही असेच होते.

जुने फॉन्ट : युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर वस्तुतः रोमन संकेतांत साठविलेला असतो. त्याचे आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते. सीएसव्ही फाइल वाचताना यूटीएफ-८ हे संकेतन स्पष्ट न सांगितल्यास विंडोजवर युनिकोड मजकूरही निरर्थक दिसू शकतो.

इतर सामान्य दोष

लिपीशी संबंध नसलेले काही दोषही नवशिक्यांना अडवतात. ‘शो’ या आज्ञेनंतर ‘सेव्हफिग’ दिल्यास पुष्कळदा कोरे चित्र जतन होते, कारण खिडकी बंद होताच आकृती संपते. जतन करणे आधी यावे. लांब मराठी अक्षनामे कडेला कापली जात असल्यास ‘कन्स्ट्रेन्ड लेआउट’ वापरावा. स्वतःच्या फाइलला ‘मॅटप्लॉटलिब’ हेच नाव दिल्यास पायथन मूळ लायब्ररीऐवजी तीच उघडते. एकामागून एक आकृत्या काढून त्या बंद न केल्यास वीसपेक्षा अधिक उघड्या आकृत्यांनंतर इशारा येतो व स्मृती भरत जाते.

महत्त्व

शालेय विज्ञान-प्रदर्शनातील तक्त्यापासून विद्यापीठीय प्रबंधापर्यंत आलेख हा पुराव्याचा भाग असतो. ‘लोकसंख्या’, ‘क्षेत्रफळ’, ‘उत्पन्न’, ‘टक्के’ हे अक्षांवर नित्य येणारे शब्द जोडाक्षरांनी युक्त आहेत; त्यामुळे आकारणीच्या अभावी मराठी आलेखाचे जवळजवळ प्रत्येक अक्षनाम बिघडते. परिणामी मजकूर मराठी आणि आकृत्या इंग्रजी अशी विभागणी अनेक लेखनांत दिसते. ही मर्यादा भाषेची किंवा लिपीची नसून एका साधनातील एका गाळलेल्या टप्प्याची आहे आणि वर दिलेल्या मार्गांनी ती दूर करता येते.

हे सुद्धा पहा

पायथन (आज्ञावली-भाषा)
देवनागरी
युनिकोड
खुलताबाद