लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल : तेलबदल
वळणावर मोटारीचे बाहेरचे चाक आतल्यापेक्षा वेगाने फिरते. क्लचयुक्त लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियलमधल्या क्लच प्लेट्स एकमेकींवर घसरून हा फरक सामावून घेतात. फोर्ड मस्टँगच्या ८.८ इंची मागील अ‍ॅक्सलमधील ‘ट्रॅक्शन-लॉक’ याच जातीचे. तेल जुने झाले, की त्यातल्या घर्षण-सुधारकाचा गुण ओसरतो. प्लेट्स चिकटतात, झटक्याने सुटतात आणि सावकाश वळताना मागून थरथर व गुरगुर जाणवते. या अ‍ॅक्सलला तेल सोडायचे बूच सहसा नसते. १० बोल्ट काढून मागचे झाकण उघडावे लागते. नव्या गिअर तेलात साधारण ११८ मिलि. घर्षण-सुधारक लागतो. तो तेलात आधीच नसेल आणि घालायचा राहिला, तर तेलबदल वाया जातो. नंतर मोकळ्या जागेत गाडी इंग्रजी आठच्या आकड्यात हळू फिरवतात. त्याने तेल प्लेट्समध्ये भिनते. तरीही थरथर राहिली, तर प्लेट्स तपासाव्या लागतात.