गाडीचं काम निघालं तर : कर्ज-ए-हसना
कर्ज-ए-हसना म्हणजे बिनव्याजी उसने पैसे. सोलापुरात रिक्षा किंवा टेम्पोवर ज्या घराची चूल पेटते, तिथे इंजिनाचं काम निघालं की पैसा आणायचा कुठून? थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा, पण स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीला त्यातून काही मिळत नाही. आधी किराणा, भाडं, मुलांची फी बाजूला काढा. रोजी देणारी गाडी लगेच त्यानंतर. हौसेची गाडी थांबू शकते. भिशी लवकर उचलता येते का, विचारा. सख्ख्या भावाकडून घेतलं तरी रक्कम आणि मुदत लिहून ठेवा, लाज कसली? सूरह बकराच्या 282व्या आयतीत तसा हुकूमच आहे. देणाऱ्यासाठी 280वी आयत : कर्जदार तंगीत असेल तर सवड द्यावी, माफ केलं तर अधिक चांगलं.