लालबाग, केडगाव आणि रिकामे हात

बऱ्हाणपूरच्या लालबाग भागातील ताप्ती गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची. २०२० च्या टाळेबंदीत तिचे उत्पादन थांबले. अशा वेळी कामगाराच्या घरी धान्य पोचविणारे पुष्कळ भेटतात, आणि ते पोचविलेच पाहिजे. परंतु पन्नाशीच्या साचेवाल्याला कोणते काम झेपेल, हे त्याच्याजवळ बसून विचारणारा विरळा. आम्ही मंडळीही यात मागे आहोत, हे कबूल करतो.

१८९६-९७ च्या दुष्काळात बऱ्हाणपूर मध्यप्रांताच्या नेमाड जिल्ह्यात मोडत असे. याच मध्यप्रांतात पंडिता रमाबाई गेल्या आणि तेथून उपासमारीने खंगलेल्या विधवा व मुली त्यांनी आणल्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. अन्न व औषध ही पहिली गरज होती. पण रमाबाई तेथे थांबल्या नाहीत. शेत, बाग, दूधदुभते, तेलाचा घाणा, माग, शिवण, धुलाई, छापखाना अशी कामे त्यांनी आवारातच उभी केली. ज्यांची नजर गेली होती त्यांनाही वगळले नाही. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी त्यांच्यासाठी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले. आमच्या मते रमाबाईंचे खरे धाडस येथे दिसते. कामास माणूस जुळतो की नाही एवढेच पाहणारा मालक यांपैकी बहुतेकींना दारातूनच परत पाठविता. (द्राक्षमळ्याचा धनी दिवसातून पाच वेळा बाजारात गेला, हे आपण वाचतो, शेवटच्या खेपेस उरलेले मजूर कसे होते, याचा विचार क्वचितच करतो.)

एक उणीव मात्र झाकू नये. बरेचसे काम आवाराच्या भिंतींआड होते. आश्रय देणारी संस्था आणि बाहेरचा कारखाना यांतील अंतर तेव्हा मोठे होते. लालबागेत आजही तेच आडवे येते. गिरणीबाहेर दुसरा मालक त्या साचेवाल्यास नवे काम शिकण्यास सवड देईल काय, हा प्रश्न धान्याच्या पोत्याने सुटत नाही.

रमाबाईंनी इब्री व ग्रीक शिकून, अल्पशिक्षित स्त्रियांस कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. ते मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले; खिळे जुळविण्यापासूनची कामे तेथील स्त्रिया व मुली करीत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.