दुकानदाराचा पैसा

माझ्याकडं एका पत्र्याच्या डब्यात सतरा बिल्ले आहेत. काही पितळेचे, काही पुठ्ठ्याचे. एकावरही राजाचं तोंड नाही. कुठं दुकानाचं अक्षर, कुठं नुसता आकडा.

पहिला बिल्ला आज्जीच्या चंचीत सापडला. पितळेचा, वर '१ पैसा' एवढंच ठोकलेलं. मी विचारलं तेव्हा म्हातारी म्हणाली, "लढाईतला हाय त्यो. ठिव तसाच."

ती लढाई म्हणजे दुसरं महायुद्ध. १९४२-४३ साली सुट्ट्या पैशांची फार ओढ पडली. तांबं आणि निकेल लढाईच्या कामाला लागत होतं. त्यात रुपयातली चांदी सरकारनं १९४० सालीच निम्म्यावर आणलेली. लोकांचा नोटेवरचा भरवसा उडाला आणि जुनी नाणी गाडग्यात गेली. गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं गुन्हा ठरवलं, तरी ती बाहेर निघेनात.

मग चार पैशांच्या आण्याची मोड द्यायची कशी? कुणी पोस्टाची तिकिटं दिली, कुणी चिठ्ठ्या, कुणी स्वतःचे बिल्ले पाडले. पण एका दुकानाचा बिल्ला दुसऱ्या दुकानात चालत नसे. म्हणजे गिऱ्हाईक दावणीला बांधलेलं.

आज्जी दिवसभर भांगलायची. मिळालेल्या आण्यांतून मीठमिरची घेतली की उरलेले पैसे बिल्ल्यात मिळायचे. एक दिवस त्या दुकानदारानं गाशा गुंडाळला. आज्जीच्या चंचीत तीन बिल्ले राहिले. दोन पोरांनी खेळात हरवले.

१९४३ मध्ये सरकारनं भोकाचा पैसा काढला. जुना पैसा ७५ ग्रेन वजनाचा, हा ३० ग्रेनचा. निम्म्याहून कमी धातू. आमच्याकडं पुढं तो वायसर म्हणून नटबोल्टाला लागला.

बाकीचे बिल्ले मी भंगारवाल्याकडून आणि पडक्या घरांच्या कोनाड्यांतून जमवले. दिलेल्याच्या हातावर शेंगा ठेवायच्या आणि बिल्ल्याची हकिकत वहीत टिपायची, हा माझा रिवाज. सतरातल्या नऊंची हकिकत मिळाली. बाकीच्यांची सांगणारी माणसं गेली.

परवा नातवानं विचारलं, "आबा, ह्याचं काय येतं?" मी म्हणालो, "येत काही नाही. येणं आहे. तुझ्या खापरपणजीचं, तीन पैशांचं."